“थोडं जास्त जातंय”: एका रात्रीचा रक्तस्राव आणि त्यानंतरची तालीम

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या प्रसूती विभागातलं आहे. रुग्णालय आणि माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. घटनेनंतर नेमलेल्या आढावा गटात मी होते, त्यामुळे पुढच्या लिखाणात माझी मतंही उतरली आहेत.

पार्श्वभूमी

विभागात रात्रपाळीला दोन सिस्टर, एक निवासी डॉक्टर, एक इंटर्न आणि एक मावशी असत. वरिष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ ऑन कॉल, घर पंधरा मिनिटांवर. भूलतज्ज्ञ मुख्य इमारतीत. रक्तपेढी त्याच आवारात. भिंतीवर पीपीएचचा, म्हणजे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा, लॅमिनेट केलेला तक्ता होता. औषधं शिलकीत होती. साधनं नव्हती म्हणून असं झालं, असं म्हणायची सोय इथे नाही.

माणसंही अडाणी नव्हती. निवासी डॉक्टरला आढाव्यात विचारलं तेव्हा त्याने रक्तस्रावाची चारही कारणं न अडखळता सांगितली: गर्भाशय सैल पडणं, कुठे फाटणं, वारेचा तुकडा आत राहणं, रक्त गोठण्यात बिघाड. सिस्टरांना औषधांचे डोस पाठ होते. पण ही माणसं कधीही एकत्र शिकली नव्हती. डॉक्टरांचं प्रशिक्षण डॉक्टरांबरोबर, सिस्टरांचं सिस्टरांबरोबर, आणि मावशींचं कुणाबरोबरच नाही.

त्या रात्री काय घडलं

पेशंट दुसऱ्या खेपेची. कळा औषधाने सुरू केलेल्या, प्रसूती लांबलेली, बाळ मोठं. यातली प्रत्येक गोष्ट प्रसूतीनंतर गर्भाशय सैल पडण्याचा धोका थोडा थोडा वाढवते. पाळी बदलताना झालेल्या हँडओव्हरमध्ये यातलं काहीच बोललं गेलं नव्हतं. “चार नंबर, प्रोग्रेस आहे” एवढंच.

२.१० ला प्रसूती झाली. गर्भाशय आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन वेळेवर दिलं गेलं. २.१८ ला वार पडली, तपासली, पूर्ण होती. निवासी डॉक्टर टाके घालायला बसला.

२.२५ ला सिस्टर म्हणाली, “थोडं जास्त जातंय.” डॉक्टरने मान वर न करता उत्तर दिलं, “टाक्यांचं असेल.” त्याच वेळी इंटर्नने केसपेपरवर लिहिलं: नाडी ११२, बीपी १०८/७०. तिने ते वाचून दाखवलं नाही. तिला कुणी विचारलंही नाही.

या दोन आकड्यांपाशी जरा थांबते. बीपी पाहिलं तर काळजीचं काही नाही. पण नाडीला वरच्या बीपीने भागलं की १.०४ येतं, आणि बाळंतिणीत हा भागाकार ०.९ च्या वर गेला की सावध व्हायचं असतं. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्यामुळे तरुण, धडधाकट बाई बराच वेळ बीपी धरून ठेवते आणि मग एकदम कोसळते. नाडी आधी बोलते. त्या रात्री ती बोलली होती, कागदावर.

२.४० ला सिस्टरने स्वतःहून पोटावरून गर्भाशय चोळलं, मोठी गुठळी बाहेर आली. तिने विचारलं, “सरांना कळवायचं का?” उत्तर आलं, “दहा मिनिटं बघू.” ऑक्सिटोसिनचं ड्रिप लागलं. २.५२ ला बीपी ८८/५४. २.५५ ला डॉक्टरने फोन केला: “सर, पेशंट थोडी ब्लीड होतेय, ऑक्सिटोसिन लावलंय.” सर म्हणाले, “ठीक आहे, लक्ष ठेव, कळव मला.”

३.०५ ला नाडी १३८, बीपी ७६/४०, बाईला गुंगी. आता सगळ्यांना सगळं कळलं आणि सगळे एकदम पळाले. इंटर्न रक्ताचा नमुना घेऊन रक्तपेढीकडे. दुसरी सिस्टर कार्बोप्रोस्ट, म्हणजे गर्भाशय आकसवणारं आणखी एक इंजेक्शन, आणायला, कारण ते फ्रीजमध्ये, फ्रीज शेजारच्या खोलीत, खोलीला कुलूप आणि किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या टेबलाच्या खणात. निवासी डॉक्टर पुन्हा फोन करायला बाहेर, कारण आत रेंज येत नव्हती. पहिली सिस्टर दुसरी शीर शोधायला मोठी सुई आणायला. दोनेक मिनिटं त्या खोलीत बाईजवळ फक्त मावशी होत्या. त्यांनी बाईचा हात धरला होता. एवढंच त्यांना कुणी न शिकवता येत होतं.

सर ३.२० ला पोहोचले. त्यांनी दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरलं, मग गर्भाशयात आतून दाब देणारा बलून घातला. रक्ताची गुठळी टिकवून धरणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ३.३० ला दिलं गेलं. त्याची ॲम्प्युल अख्खा वेळ खोलीतल्याच ट्रॉलीवर होती. चार पिशव्या रक्त लागलं. बाई वाचली, गर्भाशयही वाचलं. केसपेपरवर रक्तस्रावाचा अंदाज ६०० मिली होता. सकाळी इन्चार्ज सिस्टरने चादरी, पॅड, कापड सगळं वजन करून पाहिलं. रक्ताचा एक मिलिलिटर म्हणजे साधारण एक ग्रॅम. कोरड्या कपड्यांचं वजन वजा करून आकडा १९०० च्या आसपास आला.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत उत्तर तयारच होतं: निवासी डॉक्टरने वेळेवर कळवलं नाही. त्याला कारणे दाखवा नोटीस बैठकीच्या आधीच गेली होती.

दुसऱ्या बैठकीत आम्ही एक साधं काम केलं. त्या रात्री कोण काय बोललं ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. “थोडं जास्त जातंय.” “टाक्यांचं असेल.” “कळवायचं का?” “दहा मिनिटं बघू.” “थोडी ब्लीड होतेय.” “लक्ष ठेव.” यात कुठेही ‘पीपीएच’ हा शब्द नाही. तो पहिल्यांदा उच्चारला गेला ३.०५ नंतर. पंचावन्न मिनिटं एक आजार खोलीत होता आणि त्याला नाव नव्हतं. नाव नव्हतं म्हणून भिंतीवरचा तक्ता कुणी वाचला नाही, आणि ट्रॉलीवरची ॲम्प्युल कुणाला दिसली नाही.

सिस्टरला २.२५ लाच शंका आली होती. तिला आम्ही विचारलं, तुम्ही स्पष्ट का म्हणाला नाहीत? ती म्हणाली, “मॅडम, निदान करणं माझं काम नाही ना.” यावर बैठकीत कुणी काही बोललं नाही. अशीच शिस्त आम्ही वर्षानुवर्षं लावली होती.

सरांच्या फोनचंही तसंच. “थोडी ब्लीड होतेय” या वाक्यात आकडा नाही, नाडी नाही, मागणी नाही. झोपेतून उठलेल्या माणसाला त्यातून ‘उठून या’ असं ऐकू येणं अवघड. पण त्यांनीही उलट एकही प्रश्न विचारला नव्हता.

समोरचे पर्याय

चार पर्याय चर्चेत होते.

नोटीस पुढे चालवून प्रकरण संपवणं हा पहिला. प्रशासनाला तो सोयीचा होता. त्याचे परिणाम मात्र आम्हाला दिसू लागले होते: नोटीस गेल्यापासून विभागातून ‘थोडक्यात टळलेल्या’ घटनांची एकही नोंद आली नव्हती.

दुसरा, चार-पाच जणांना बाहेरच्या दोन दिवसांच्या कोर्सला पाठवणं. कोर्स चांगला होता. पण तिथे प्रत्येकजण अनोळखी लोकांबरोबर, अनोळखी खोलीत शिकणार. आमचं कुलूप, आमची रेंज नसलेली भिंत आणि आमचे एकमेकांशी असलेले संबंध तिथे येणार नाहीत.

तिसरा, नवीन चेकलिस्ट. कागद एकटा काय करू शकतो याबद्दल माझी मतं फार आशावादी नाहीत. सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टवर उत्तर प्रदेशात १२० केंद्रांत मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सोबत मार्गदर्शक असल्याने कर्मचाऱ्यांची पद्धत सुधारली, पण माता आणि बाळांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. तिथे कागदाबरोबर माणूस होता. आमच्याकडे कागद आधीच भिंतीवर लावलेला होता.

चौथा, सगळ्यांनी मिळून आपल्याच लेबर रूममध्ये सराव करणं. यासाठी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं उदाहरण डोळ्यासमोर होतं. तिथल्या साउथमीड रुग्णालयात २००० पासून डॉक्टर, सुईणी, भूलतज्ज्ञ सगळे एकत्र प्रशिक्षण घेऊ लागले. पुढे हाच कार्यक्रम ‘प्रॉम्प्ट’ म्हणून ओळखला गेला. २००६ मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले: जन्मानंतर पाचव्या मिनिटाला कमी अपगार गुण (श्वास, ठोके, हालचाल वगैरे पाहून बाळाला दिले जाणारे गुण) असलेली बाळं दर दहा हजारांत ८६.६ वरून ४४.६ वर आली, आणि प्राणवायूच्या कमतरतेमुळे मेंदूला इजा झालेली २७.३ वरून १३.६ वर.

बैठकीत एका सहकाऱ्याने बरोबर बोट ठेवलं. अमेरिकेत २००७ मध्ये १५ रुग्णालयांत असंच सांघिक प्रशिक्षण तपासलं गेलं, तेव्हा एकूण वाईट परिणामांत फरक आढळला नव्हता. ते प्रशिक्षण मुख्यतः वर्गात बसून होतं. स्कॉटलंडमध्ये तर हाच ‘प्रॉम्प्ट’ १२ विभागांत प्रशिक्षक तयार करून पसरवला गेला आणि अपगारचे आकडे हलले नाहीत. म्हणजे ‘एकत्र प्रशिक्षण’ हे लेबल लावलं की काम झालं, असं नाही. कुठे, कुणाबरोबर, किती वेळा आणि वरिष्ठ त्यात उतरतात का, यावर सगळं अवलंबून.

आमचा कल चौथ्या पर्यायाकडे गेला तो आणखी एका ब्रिटिश अभ्यासामुळे. त्यात २४ संघांना बाळंतपणातल्या झटक्यांचा बनावट प्रसंग दिला होता. ज्यांनी दहा मिनिटांत झटक्यांवरचं औषध मॅग्नेशियम दिलं आणि ज्यांना ते जमलं नाही, त्यांच्यात फरक काय होता? जलद संघांनी आणीबाणीचं नाव लवकर आणि मोठ्याने घेतलं, सांगितलेलं काम झाल्याचं परत बोलून कळवलं, आणि ते खोलीबाहेर कमी वेळा गेले. आमच्या फळ्यावरच्या ओळींशी हे इतकं जुळत होतं की पुढे फारशी चर्चा लागली नाही.

फसलेली सुरुवात

पहिली तालीम आठ दिवस आधी जाहीर केली. सगळे वाचून आले. ट्रॉली आदल्या दिवशी आवरली गेली. कार्बोप्रोस्ट हाताशी आणून ठेवलेलं होतं. वरिष्ठांपैकी कुणी आलं नाही. एकांनी निरोप पाठवला, “आम्हाला यात नवीन काय शिकायचं?” मावशींना बोलावलंच नव्हतं, कारण त्या ‘क्लिनिकल स्टाफ’ नाहीत. घटनेच्या रात्री बाईपाशी टिकून राहिलेली एकमेव व्यक्ती आम्ही यादीतून वगळली होती आणि ते आमच्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. तालीम छान झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुणीही काहीही शिकलं नाही.

दुसरी तालीम न सांगता घेतली. ती गोंधळाची झाली, हे ठीकच. पण नंतरच्या चर्चेत एका वरिष्ठांनी एका निवासी मुलीला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. ती रडली. पुढच्या तालमीच्या दिवशी तिघंजण आजारी पडले.

इथे निर्णयाचा क्षण होता. काहीजणांचं म्हणणं होतं, तालीम बंद करा, लोक घाबरलेत. आम्ही तालीम चालू ठेवली, चर्चेचे नियम बदलले. वरिष्ठ सगळ्यात शेवटी बोलतील. चर्चा कामाची, माणसाची नाही. ज्या दोन-तीन गोष्टी नीट झाल्या त्या आधी.

नियमांनी अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं ऑन कॉल असलेल्या सरांनी केलं, आणि ते कुणी ठरवलेलं नव्हतं. तिसऱ्या तालमीनंतर ते उभे राहिले आणि म्हणाले, “त्या रात्री मी फोनवर ‘लक्ष ठेव’ म्हणालो. किती गेलंय, नाडी किती, हे विचारायला हवं होतं. मी झोपेत होतो, आणि मला उठायचं नव्हतं.” खोलीत शांतता झाली. त्यानंतर पहिल्या सिस्टरने सांगितलं की तिला २.२५ लाच भीती वाटली होती. हे तिने आढाव्यातही इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं. निवासी डॉक्टरवरची नोटीस त्याच आठवड्यात मागे घेतली गेली. ती सहा आठवडे आधी मागे घेतली असती तर इंटर्न आढाव्यात बोलली असती, असं मला अजूनही वाटतं.

मग काय केलं

सगळ्यात आधी अंदाजाची परीक्षा. लाल रंगाचं पाणी मोजून पॅडवर, चादरीवर, ट्रेमध्ये, फरशीवर ओतलं आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर आकडा लिहायला सांगितलं. दीड लिटरच्या चादरीसमोर बहुतेकांनी त्याच्या निम्म्याच्या आसपास लिहिलं. अनुभवाने फार मदत होत नाही, हे चिठ्ठ्या उघडल्यावर सगळ्यांना आपापल्या अक्षरात दिसलं. माझीही चिठ्ठी त्यात होती. तिथून पुढे प्रत्येक प्रसूतीनंतर बाईखाली रेषा आखलेली पिशवी लावायची ठरली. रक्त डोळ्यांनी नाही, रेषेवर मोजायचं.

पुढे उपचारांचा क्रम. इथे आम्ही केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ अभ्यासाची रीत घेतली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे ५०० मिलीला, किंवा ३०० मिलीलाच नाडी-बीपी बिघडलेलं दिसलं तर, सगळे उपचार एकत्र सुरू करायचे होते: गर्भाशय चोळणं, गर्भाशय आकसवणारी औषधं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी आणि वरिष्ठांना बोलावणं. आधी एक, मग त्याचा परिणाम बघू, मग दुसरं, असं नाही. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. रक्तस्राव ओळखला जाण्याचं प्रमाण ५१ टक्के होतं तिथे ते ९३ टक्के झालं. मला यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. निम्म्या बायकांचा रक्तस्राव कुणाच्या हिशेबातच नव्हता.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड उशिरा देण्याची सवय मोडायला आम्हाला वेळ लागला. ‘शेवटचं औषध’ अशी त्याची प्रतिमा होती. खरं तर ते तीन तासांच्या आत द्यायचं, एक ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो. त्या रात्री ते ऐंशी मिनिटांनी गेलं होतं.

सरावाचा गाभा मात्र एक वाक्य होतं. “हा पीपीएच आहे, वेळ अमुक.” हे वाक्य खोलीतल्या कुणीही म्हणायचं, मावशींनीसुद्धा. एकदा म्हटलं की त्याच्याशी वाद घालायचा नाही, घंटा वाजवायची आणि कामाला लागायचं. चुकीचं निघालं तर निघालं. सुरुवातीला सिस्टरांच्या तोंडून ते बाहेरच पडेना. “सर, मला वाटतं की बहुतेक…” अशी सुरुवात व्हायची. आम्ही दर वेळी तालीम तिथेच थांबवून पुन्हा म्हणायला लावलं. पाच-सहा वेळा. हसू यायचं, मग हसू थांबायचं.

फोनचीही तालीम केली. पेशंट कोण, काय झालंय, किती गेलंय, नाडी-बीपी किती, आणि मला काय हवंय. शेवटचं वाक्य ठरलेलं: “सर, तुम्ही आत्ता या.” कनिष्ठांना हे आज्ञा केल्यासारखं वाटत होतं. सरांनीच सांगितलं की हे वाक्य न ऐकता फोन संपला तर ते स्वतः विचारतील, “मी येऊ का?”

खोलीत कामं वाटली. एकजण नेतृत्व करेल आणि शक्यतो हाताने काही करणार नाही. एकाचा हात गर्भाशयावर. एकजण औषधं. एकजण वेळ लिहून मोठ्याने सांगणारा. बाहेर धावणारा एकच. आणि एकजण बाईच्या डोक्याशी.

ही शेवटची जागा आमच्या आराखड्यात नव्हती. ती बाईने घालायला लावली. घटनेनंतर दोन आठवड्यांनी ती टाके दाखवायला आली तेव्हा आम्ही पहिल्यांदा तिला विचारलं, तुम्हाला काय आठवतं? ती म्हणाली, “सगळे पळत बाहेर गेले. मला वाटलं बाळाला काहीतरी झालंय आणि मला सांगत नाहीयेत.” मग म्हणाली, “मी सिस्टरांना सांगितलं होतं, खालून गरम गरम वाहतंय. त्या म्हणाल्या, होतं तसं.” हे केसपेपरवर कुठेही नव्हतं. म्हणजे त्या रात्री पहिली सूचना सिस्टरची नव्हतीच, पेशंटची होती. आढावा गटाने तिला पहिल्याच आठवड्यात भेटायला हवं होतं.

रात्रीच्या तालमीत सापडलेलं

दिवसाच्या तालमीत माणसं शिकली. रात्रीच्या तालमीत इमारत उघडी पडली. घंटा डॉक्टरांच्या खोलीत दार लावलं की ऐकू येत नव्हती. तक्त्यावरचा रक्तपेढीचा नंबर बदलून बरेच दिवस झाले होते. बलूनच्या संचातली सिरिंज नळीच्या तोंडाला बसत नव्हती. ती त्या रात्री वापरली गेली नाही म्हणून कळलं नव्हतं, सरांनी दुसरा संच उघडला होता. कार्बोप्रोस्टच्या फ्रीजची किल्ली खिळ्यावर आली. पीपीएचचा एक डबा लेबर रूममध्येच ठेवला. थंड ठेवायची औषधं सोडून सगळं त्यात, आणि झाकणावर त्या औषधांची जागा लिहिलेली. दम्याच्या पेशंटला कार्बोप्रोस्ट नाही, बीपी वाढलेलीला मेथिलअर्गोमेट्रिन नाही, हेही झाकणावरच.

रात्री खरे पेशंट असताना तालीम घ्यावी का, यावर मतभेद होते. आम्ही नियम केला: कळा देणाऱ्या एकाही बाईला सोडून यावं लागत असेल तर तालीम रद्द. शेजारच्या खाटांवरच्या बायकांना आधी सांगायचं, नाहीतर घंटा ऐकून त्यांचाच जीव जातो.

परिणाम

सात महिन्यांनी जवळजवळ तसाच प्रसंग आला. पिशवीत रक्त ४०० च्या रेषेवर, नाडी ११८, बीपी ठीक. दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या सिस्टरने वाक्य म्हटलं. निवासी डॉक्टर म्हणाला, “गर्भाशय तर कडक लागतंय.” पण तो थांबला नाही, घंटा वाजली होती. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नवव्या मिनिटाला गेलं. तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाशी फाटलेलं सापडलं, शिवलं. एकूण ८५० मिली. रक्त द्यावं लागलं नाही.

आमच्यासारख्या विभागात वर्षभरात असे गंभीर प्रसंग मोजकेच होतात. त्यावरून ‘मृत्यू कमी झाले’ असं कुणी म्हणत असेल तर ते ऐकू नये. आम्ही मोजलं ते एवढंच: नाव कधी घेतलं गेलं, पहिलं औषध कधी गेलं, किती जण खोलीबाहेर गेले. हे तिन्ही सुधारले. खोट्या घंटाही वाढल्या, आणि त्याबद्दल कुणाला काही ऐकवायचं नाही हे आम्ही पाळलं.

दोन आठवड्यांनी मात्र दुसरीच गोष्ट घडली. एका प्रसूतीत बाळाचा खांदा अडकला. तोच संघ, तीच खोली, आणि कुणीही मोठ्याने काही म्हटलं नाही. डॉक्टर एकटा ओढत राहिला. बाकीचे बघत राहिले, मग सिस्टरने न सांगता बाईचे पाय पोटाकडे वर घेतले. बाळाचा हात काही आठवडे लुळा होता, नंतर बरा झाला. रक्तस्रावासाठी शिकलेलं वाक्य खांद्यासाठी आपोआप येईल असं आम्ही गृहीत धरलं होतं. ते आलं नाही. ब्रिस्टलमध्ये खांदा अडकण्याचा स्वतंत्र सराव होता, आणि अशा प्रसंगांत बाळाला इजा होण्याचं प्रमाण तिथे ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं होतं. हा आकडा आमच्याच टिपणात होता. आम्ही तो वाचून पुढे गेलो होतो.

वेगळं काय करता आलं असतं

त्या रात्रीपुरतं बोलायचं तर २.२५ ला नाडी मोठ्याने वाचली जाणं एवढंही पुरलं असतं. २.४० च्या “कळवायचं का?” ऐवजी “मी सरांना कळवतेय” असं म्हणायची मुभा सिस्टरला हवी होती. ही मुभा आता लेखी आहे.

आढाव्यापुरतं बोलायचं तर नोटीस आधी आणि चौकशी नंतर, हा उलटा क्रम होता. बाईला आणि मावशींना उशिरा विचारलं. पहिली तालीम जाहीर करून घेणं तितकंसं चुकीचं नव्हतं, वरिष्ठांशिवाय घेणं चुकीचं होतं. आणि एकाच आणीबाणीवर सात महिने घालवण्याऐवजी तिसऱ्या महिन्यापासून खांदा, झटके, नाळ पुढे येणं हे आळीपाळीने घ्यायला हवं होतं. आता घेतो.

एक प्रश्न सुटलेला नाही. निवासी डॉक्टर ठरावीक काळाने बदलतात, सिस्टरांच्या बदल्या होतात. ज्यांनी पहिल्या तीन तालमी केल्या त्यातले निम्मे आज विभागात नाहीत. नवीन आलेल्यांची तालीम पहिल्या आठवड्यात, पहिल्या रात्रपाळीच्या आधी, असा नियम आहे. गेल्या महिन्याच्या नोंदवहीत त्या रकान्यात दोन वेळा ‘रद्द, लेबर रूम भरलेली’ असं लिहिलंय. पीपीएचच्या डब्याच्या तपासणीवर शेवटची सही मावशींची आहे. त्यांनी डबा उघडून मोजला, सिरिंज नळीला लावून पाहिली आणि खाली वेळ लिहिली: २.१०.